दुसरा ठोका

सुखदेव,

वच्छलावहिनींना तुझं वाजवणं हवं आहे. परवा चहा देताना त्या म्हणाल्या, "सर, तुमच्या मोबाइलमधी त्याईचा बेंजो असंल ना? पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात लावू. फोटो तं हायेच, पन फोटो काही वाजत नाही." मी हो म्हणालो. इतक्या घाईनं म्हणालो की बशीत चहा सांडला. तुझी सगळी रेकॉर्डिंगं माझ्याकडे असणार हे त्या धरूनच चालल्या होत्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. बारा वर्षं दर रविवारी दुपारी तुझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात त्या एका पायानं लंगड्या खुर्चीत मी ठाण मांडून बसायचो, हातात मोबाइल आणि मांडीवर वही घेऊन. कुणाकुणाची गाणी मी त्या मोबाइलमध्ये भरून ठेवली आहेत. तुझं मात्र एकच आहे. त्यात तू एकोणीस सेकंद वाजवतोस आणि पुढे दीड मिनिट मी बोलतो.

कार्यक्रम उद्या आहे. तू जाऊन आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत मी ते रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी वाटतं, या खेपेला मी तोंड बंद ठेवीन. विसावा सेकंद येतो आणि माझा आवाज घुसतोच. माझाच गळा दाबावा असं वाटतं. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, बाबा, जरा झोप घ्या. झोप कशी येणार ते त्याला कसं सांगू? छातीत जळजळतंय म्हणून तू सोडा पिऊन दुकानात बसलास आणि बुलढाण्याला नेताना घाट लागायच्या आधीच संपलास. तेव्हा मी घरात बसून, तुला रविवारी ऐकवायला, आपल्या त्या पाच सुरांच्या पीसचं आणखी एक रेकॉर्डिंग शोधत होतो. ते सापडलं आहे. त्याचं काय करू ते कळत नाही.

आपलं हे वेड भंगारातून आलं. शाळेच्या कामासाठी मी खामगावला गेलो होतो आणि परतताना एका भंगारवाल्याकडे कव्हर नसलेल्या पाच कॅसेट मिळाल्या. माझा टेप फीत खायचा, म्हणून तुझ्याकडे आणल्या. तू विहिरीवरच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसला होतास. चार कॅसेटवर कुणाची तरी भाषणं निघाली. पाचवीवर एक जाडाभरडा आवाज होता आणि त्याच्या पाठीशी तो पाच सुरांचा तुकडा. तुकडा वाजतो, थांबतो, त्या थांब्यात माणूस एक ओळ म्हणून घेतो, आणि पुन्हा तोच तुकडा. इंग्रजीत त्याला रिफ म्हणतात, तू पीस म्हणायचास. तार भरता भरता तुझा हात थांबला.

"हा बुवा कोनासंग भांडून राह्यला?" तू विचारलंस.

मी पडलो इंग्रजीचा मास्तर. सांगितलं, की हा अमेरिकेतला काळा माणूस आहे, या गाण्याला ब्लूज म्हणतात, आणि तो भांडत नाही, आपण केवढे मोठे आहोत याची बढाई मारतोय.

"मंग समोर कोनीतरी असंलच," तू म्हणालास. "रिकाम्या घरात कोनी बढाया मारते का?"

मी हसलो होतो. पुढे मोबाइलवर इंटरनेट आलं आणि तो समोरचा खरोखर सापडला. पीस तोच, गाणारा दुसरा. मग तिसरा. मग एक बाई. मग साहेबांच्या देशातली गोरी पोरं. मी त्यांच्या नोंदींची वही घातली. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये पीसच्या मागून माउथ ऑर्गन येतो आणि पुढे जाऊन चाल वर चढते. दुसऱ्यात चाल कुठे चढतच नाही, शेवटपर्यंत एकाच जागी पाय रोवून उभी असते, आणि ढोल जड पडतो. बाई गाते तेव्हा मागे खोलीतली माणसं बोलताना ऐकू येतात, तीही थोडी बेफिकीर. गोऱ्या पोरांनी तर एवढी घाई केली की थांबाच उरला नाही. तू म्हणालास, "याईले वाजवता येते, थांबता येत नाही." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण खाली तुझं नाव घातलं नाही. मलाच सुचल्यासारखं ते पुढे दोघा-चौघांना ऐकवलंही.

बाई लागली की वहिनी मागच्या स्वयंपाकघरातून, पत्र्याच्या आडून, हाताला पीठ तसंच ठेवून, दारात येऊन उभ्या राहायच्या. इंग्रजी एक अक्षर कळत नसताना म्हणायच्या, "हे बाई बरी सुनावून राह्यली दोघाईले." आणि खरंच ती त्या पहिल्या दोन बढाईखोरांनाच सुनावत होती. ते कळायला मला दोन रविवार आणि एक डिक्शनरी लागली.

आपलं भांडण इथून सुरू झालं आणि ते अर्धवटच राहिलं. मी म्हणायचो, ही सरळ चोरी आहे. पहिल्यानं वाजवलं त्याचं ते, बाकीचे सगळे उचले. तू म्हणायचास, चोरी नाही, जवाब आहे. तुझे वडील गायन पार्टीत बेंजो वाजवायचे, तो टाइपरायटरसारखी बटणं असलेला तारांचा बेंजो. तू लहानपणी त्यांच्यासोबत मेहकरकडच्या एका गावात मुकाबल्याला गेला होतास. दोन पार्ट्या आमनेसामने, मधे पेट्रोमॅक्स. एका पार्टीनं ज्या चालीत सवाल टाकला त्याच चालीत दुसरीनं जवाब द्यायचा, हा तिथला कायदा. "चाल बदलली तं समजून जा, हारला," तू सांगायचास. "चाल त्याचीच घेऊन त्याच्याच तोंडावर आपली गोठ सांगा लागते. त्याले तू चोरी म्हनतो, मास्तर? मंग आमचा बाप जलमभर चोऱ्याच करत होता."

मी वहीवर पेन आपटत म्हणायचो, मुकाबला वेगळा, रेकॉर्डिंग वेगळं. तू तार भरत राहायचास. एकदा या वादात तू वेढे मोजायला चुकलास. गाण्याचा थांबा किती वेढ्यांचा आहे हे तू मोजत होतास, पहिल्याचा तीन, बाईचा दोन, आणि त्या नादात मोटारीचे वेढे मोजायचे राहून गेले. ती मोटार चार दिवसांत धुरासकट परत आली. तो शेतकरी तुझ्यावर ओरडत होता आणि तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "याईले इचारा. याईच्या अमेरिकेनं जाळली." मग रात्रीपर्यंत बसून ती फुकट भरून दिलीस. मी लाजेनं तुझ्यासाठी वेढे मोजत बसलो आणि तेही चुकवले.

एकदा मात्र तू हसत नव्हतास. कोणता रविवार होता आठवत नाही. मी पहिल्या रेकॉर्डिंगचं कौतुक करत होतो, तो दर्द, तो वर्षानुवर्षांचा दाबलेला आवाज, वर्गात बोलतो तसं बोलत होतो. तू पक्कड खाली ठेवलीस आणि विचारलंस, "मास्तर, आमचा बाप वाजवत होता तवा तू आला होता का कधी आयकाले?"

मी म्हणालो, लहान होतो.

"लहान मीही होतो. तुमच्या घरापासून आमचा मांडव वीस पावलं होता. आवाज तं येतच असंल वाऱ्यानं." पक्कड परत उचलत तू म्हणालास, "तुले समुद्रापल्याडचं आयकू येते."

मी वही मिटली आणि उठून आलो. तीन रविवार आलो नाही. घरी येरझारा घालत तुला उत्तरं देत होतो, की माझ्या मनात तसं काही कधी नव्हतं, की मी तुझ्या घरचं पाणी पितो, जेवतो, आणखी काय काय. खरं एवढंच होतं की आवाज येत होता, सुखदेव. आमच्या माडीवर अगदी स्वच्छ ऐकू येत होता. घरातले मोठे खिडकी लावून घ्यायचे आणि मी अभ्यासाला बसायचो. मला ती खिडकी उघडावीशी वाटली होती का? आता आठवून पाहतो तर तेही खात्रीनं सांगता येत नाही. हे मी तुला सांगायला हवं होतं. चौथ्या रविवारी आलो तेव्हा तू काही विचारलं नाहीस. "चहा सांगू का?" एवढंच म्हणालास. मी सुटलो असं समजून बसलो. तुझ्यासारखा माणूस मला मिळाला हे माझं नशीब, आणि मी त्याचा फायदाच घेतला.

त्यानंतरच तू वडिलांचा बेंजो माळ्यावरून काढलास. बटणं गंजून अडकली होती, तर तू बटणांची अख्खी पट्टीच खोलून ठेवलीस. एक तार तुटलेली होती, तिथं सायकलच्या ब्रेकची वायर उकलून त्यातला एक धागा ताणून बसवलास. आणि बटणांऐवजी डाव्या हातात नट खोलायच्या पान्याची पोकळ गोटी घेऊन ती तारेवरून सरकवायला लागलास. उघड्या पोलादावर घासत सूर असा काही वळायचा की माझ्या अंगावर काटा यायचा. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. "अजून कच्चं आहे," म्हणायचो.

एका रविवारी तू म्हणालास, "मास्तर, आज मोबाइल चालू कर. एवढ्या लोकाईनं जवाब देला. आपुनही देऊन पाहू."

मी मोबाइल चालू केला. तू पीस धरलास. एक आवर्तन, दुसरं, तिसरं. आणि मी म्हणालो, "थांब, थांब. दुसरा ठोका उशिरा येतोय."

रेकॉर्डिंगमध्ये यापुढे गोटी टेबलावर ठेवल्याचा आवाज आहे. मग मी आहे. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा ठोका कुठे येतो ते मी सांगतोय, तोंडानं वाजवून दाखवतोय, बेसूर. दीड मिनिट. मधे तू एकदाच होकार देतोस. "हाव," म्हणतोस.

त्या दिवशी मी तसं का केलं? नऊ दिवस हेच विचारतोय स्वतःला. ऐकणारा मी, समजावणारा मी, वही माझी, अशी ती आपली बैठक होती. तू वाजवायला लागलास आणि मला कळलं की हे माझ्याच्यानं कधीच होणार नाही. मला तुझा हेवा वाटला, सुखदेव. म्हणून चूक काढली. आणि ती चूकही नव्हती. आता मन लावून ऐकतो तर दिसतं की तिन्ही आवर्तनांत तुझा दुसरा ठोका उशिरा येतो, आणि तिन्ही वेळा तेवढाच. चुकणारा माणूस तीनदा एकाच मापानं चुकत नाही. तो तुझा जवाब होता. त्यांची चाल घेऊन, तिच्यात आपली जागा करून, तू तुझी गोष्ट सांगायला बसला होतास, आणि मी तीन आवर्तनांत तुला गप्प केलं. बोट चुकलं म्हणून वर्गातल्या पोराला थांबवावं तसं.

काल हे रेकॉर्डिंग घेऊन मी स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याला म्हणालो, यातला बोलण्याचा भाग काढून टाक. तो म्हणाला, काढतो, पण मग एकोणीसच सेकंद उरतात. मग त्यानंच सुचवलं, "सर, तेच फिरवून फिरवून तीन मिनिटाचं करून देतो. कोनाले समजत नाही." त्यानं करून दिलं. दुकानात ऐकलं तर सांधा कुठेच जाणवत नव्हता. तू तीन मिनिटं सलग वाजवत होतास. मला इतकं बरं वाटलं की त्याच्या काउंटरवर डोकं टेकून मी रडलो. वाटलं, सुटलो. उद्या मांडवात हे लागेल, लोक म्हणतील सुखदेव काय वाजवत होता, आणि माझा आवाज कुणी ऐकणार नाही.

आज दुपारी ते वहिनींना ऐकवायला गेलो. दुकानाचं शटर अर्धं वर होतं. त्या तुझ्या स्टुलावर बसल्या, मी माझ्या खुर्चीत. मोबाइल मधे ठेवला. त्या डोळे मिटून ऐकायला लागल्या. पहिल्यांदा मान हलली. मग हळूहळू हलायची थांबली.

"सर, हे फिरून फिरून तेच काऊन येऊन राह्यलं?"

मी म्हणालो, पीसच तसा आहे वहिनी, तोच तोच वाजवायचा असतो.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते असं नाही वाजवत. ते पुढं जातात."

मी तिथं आणखी खोटं बोलू शकत होतो, पण धीर झाला नाही. मोबाइलवाल्याची करामत सांगितली आणि अस्सल रेकॉर्डिंग लावलं. तुझी तीन आवर्तनं झाली. मग माझं "थांब, थांब". पूर्ण दीड मिनिट त्यांनी मला ऐकून घेतलं, तुझ्या "हाव"वर पदर डोळ्याला लावला, आणि संपल्यावर म्हणाल्या, "बरं. आता पुढचं लावा."

"पुढचं नाही, वहिनी."

"नाही कसं? त्याचं पुढं लय हाये. दर आयतवारी वाजवत होते."

मी म्हणालो, माझ्यासमोर तर कधी नाही वाजवलं.

"तुमच्यासमोर नाही. तुमी निंघून गेले का मंग बसत. मी तिकडं सयपाक करत आयको. चांगलं भाकरी होईपर्यंत चाले. लय चढे, मंग खाली ये, मंग एका जागी असं थांबे का मले वाटे झालं, अन् मंग पुन्हा निंघे." त्या हातानं दाखवत होत्या, हात हवेत वर जात होता. "एक दिवस मी म्हनलं, अवो, सर होते तवा काऊन नाही वाजवलं हे? तं म्हनाले, त्याले अर्ध्यातच समजते."

सुखदेव, हे तू चिडून म्हणालास, की हसून, की मनापासून, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी वहिनींना म्हणालो, ते पुढचं कसं होतं, थोडं गुणगुणून दाखवाल का? त्यांनी तोंड उघडलं. दोनदा उघडलं. मग मान हलवली आणि म्हणाल्या, "नाही जमत सर. कानात हाये, तोंडात नाही येत."

उद्या अकरा वाजता मी तुमच्या मांडवात येईन. वीस पावलं चालत. जे आहे तेच लावायचं असं आम्ही ठरवलं आहे, माझ्या आवाजासकट. ते संपलं की मी माइक मागून घेणार आहे आणि लोकांना सांगणार आहे की ठोका बरोबर होता, चुकलो मी. पण त्यानं पुढचं येणार नाही. तू वर कुठवर चढायचास, कुठे थांबायचास आणि तिथून परत कसा निघायचास, हे सगळं या जगात आता एका बाईच्या कानात आहे, आणि मला त्यातलं काहीसुद्धा समजलेलं नाही.